गच्चीवरची गो-टू दुर्बीण: साडेपाच तासांचा घोळ आणि दोन तारे

मुंबईत संगणकीय दुर्बीण घ्यावी की नको, हा वाद आकाशदर्शनाच्या मंडळींत कायम चालू असतो. जुन्या वळणाचे लोक सांगतात, आधी आकाश पाठ करा, मग मोटरींच्या नादी लागा. शहराबाहेर, वांगणीच्या पुढे गेलात तर ते खरंही आहे. पण सायन किंवा मालाडच्या गच्चीवर गणित बदलतं. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात एखाद्या तारकागुच्छापर्यंत पोचायचं, तर मधले चौथ्या-पाचव्या प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारे दिसायला हवेत. इथे चांगल्या रात्री तिसऱ्या प्रतीपर्यंत मजल गेली तरी पुष्कळ. पायऱ्याच नाहीत तर जिना चढणार कसा? म्हणून शहरात गो-टू, म्हणजे निवडलेल्या वस्तूकडे मोटरींनी आपोआप वळणारी दुर्बीण, ही चैन नाही, ती कामाची वस्तू आहे.

अडचण असते ती 'बटण दाबा, शनी पाहा' या जाहिरातीत. आपण कुठे आहोत, किती वाजलेत आणि समोरचे दोन तारे कोणते, एवढं यंत्राला आपणच सांगायचं असतं. मोबाइलच्या ॲपवर चालणारी दुर्बीण असेल तर पहिल्या दोन गोष्टी फोन सांगतो, तिसरी तरीही आपल्याकडेच राहते. 'दुर्बीण बिघडली' म्हणून आलेल्या दहा तक्रारींतल्या बहुतेकांत मोटर ठणठणीत असते, सांगण्यातच चूक झालेली असते.

पुढचं सगळं एका बाहूच्या, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या माउंटबद्दल (नळी धरून फिरवणाऱ्या आधाराबद्दल) आहे: सेलेस्ट्रॉन नेक्सस्टार ६एसई, स्काय-वॉचर एझेड-जीटीआय आणि त्यांची भावंडं. ध्रुवाकडे रोखून लावायचं विषुववृत्तीय माउंट शहरात सुरुवातीला घेऊच नये, असं आमचं मत आहे. मुंबईचं अक्षांश १९ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर. तो मुळात दुसऱ्या प्रतीचा, त्यात खालच्या थरातली धूळ आणि उत्तरेचे टॉवर. वर्षातल्या बऱ्याच रात्री तो दिसतच नाही.

आता जागा. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण बबल लेव्हल ठेवली की लगेच कळतो. ट्रायपॉडचे पाय शक्य तितके आत ठेवा. पूर्ण लांब केलेल्या पायांवर आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, नुसता हात लागला तरी प्रतिमा काही सेकंद थरथरत राहते. आधी फक्त ट्रायपॉड लेव्हल करा, मग माउंट, मग नळी. दोन ताऱ्यांच्या अलाइनमेंटमध्ये (तारे दाखवून यंत्राला आकाशाशी जुळवून देण्यात) थोडा कल संगणक स्वतःच हिशेबात घेतो, हे खरं. पण लेव्हल बरोबर असेल तर पहिल्याच फेरीत तारा फाइंडरच्या (नळीवरच्या, लाल ठिपक्याने नेम धरायच्या साधनाच्या) आसपास येतो आणि शोधाशोध वाचते. एकाच ताऱ्यावर किंवा ग्रहावर अलाइन करणार असाल, तर मात्र लेव्हलला पर्याय नाही.

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहिलं की हॅलोजनचा उजेड चुकतो, हे सगळ्यांना सुचतं. पण पंप आणि लिफ्टची मशीनरूम यांच्यापासून दूर राहणं तितकंच महत्त्वाचं, कारण पंप चालू झाला की स्लॅबला बारीक थरथर येते आणि ती गुरूच्या पट्ट्यांत दिसते. तिन्ही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवले की फरक पडतो. दिवसभर तापलेला कोबा सूर्यास्तानंतर दोन-तीन तास गरम हवा वर सोडत राहतो. एसीच्या बाहेरच्या युनिटांचंही तेच. ग्रहांची प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी दिसत असेल, तर अलाइनमेंटला दोष देऊ नका, दहा-साडेदहापर्यंत थांबा.

एझेड-जीटीआयसारख्या माउंटला सुरुवातीला नळी आडवी आणि उत्तरेकडे रोखलेली हवी असते. इथे लोक फोनचा होकायंत्र काढतात आणि फसतात. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती करायचं कारण नाही. पण स्लॅबमधल्या सळया, टाकीचा लोखंडी जिना, ट्रायपॉडचे स्टीलचे पाय हे सगळे सुईला ओढतात. लोखंड आणि वीज चुंबकीय मोजणीला किती छळतात, याचा मोठा दाखला मुंबईतच आहे: विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. सोपा उपाय असा की नकाशाच्या उपग्रहचित्रात आपली इमारत शोधा, तिची भिंत उत्तरेशी किती अंशांचा कोन करते ते पाहा आणि कठड्यावर खडूने उत्तरेची खूण करून ठेवा. दर वेळी मोजायला नको.

विजेबद्दल एकदाच नीट समजून घ्या. ६एसईमध्ये आठ पेन्सिल सेल बसतात, ते हँडसेट (माउंटला जोडलेला बटणांचा रिमोट) पेटवून दाखवण्यापुरते धरावेत. मोटरी जोरात फिरल्या की व्होल्टेज खाली येतं आणि हँडसेटवर 'नो रिस्पॉन्स १६' किंवा '१७' असा संदेश उमटतो. हँडसेटचा मोटरशी संवाद तुटला, एवढाच त्याचा अर्थ. माणूस घाबरून सर्व्हिस सेंटर शोधू लागतो, आणि कारण बहुतेक वेळा मरतुकडे सेल किंवा ढिली पिन हेच निघतं. १२ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या, मधली पिन धन असल्याची खात्री करा. गच्चीवर प्लग नसेल तर यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. वायरीत एक फ्यूज जरूर टाका. वायर इतकी लांब ठेवा की माउंट पूर्ण फिरलं तरी ती ताणली जाणार नाही. मेनूतला 'कॉर्ड रॅप' पर्याय चालू केला की माउंट एकाच दिशेने फिरत राहून वायर गुंडाळून घेत नाही.

फाइंडर जुळवायचं काम अंधार पडायच्या आत उरका. किमान किलोमीटरभर लांबची स्थिर वस्तू पकडा: क्रेनचं टोक, मोबाइल टॉवरचा अँटेना. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये ती मधोमध आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून लाल ठिपका तिच्यावर बसवा. उजेडी राहून गेलं तर उंच टॉवरच्या माथ्यावरचे विमानांसाठीचे लाल दिवे याच कामाला येतात. या बाबतीत मुंबई उदार आहे. मात्र दिवसा जुळवणी करताना सूर्य नळीच्या किंवा फाइंडरच्या वाटेत येणार नाही, याकडे सतत लक्ष हवं. पुढच्या काचेवर सूर्यासाठीचं योग्य फिल्टर नसताना सूर्याकडे वळलेली दुर्बीण क्षणात डोळा घालवते.

आता मुख्य घोळ. हँडसेट पहिल्यांदा चालू केला की तो ठिकाण विचारतो. यादीतून शहर निवडता आलं तर उत्तम, नाहीतर १९ अंश ५ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५३ मिनिटे पूर्व असं टाका. फोन १९.०८ असं दशांशात दाखवतो. त्यातले .०८ म्हणजे ८ मिनिटे नव्हेत, सुमारे ५ मिनिटे. पण इतक्याशा फरकाने काही बिघडत नाही. कुलाब्याचे आकडे ठेवून बोरिवलीत दुर्बीण लावली तरी चालतं. चालत नाही ते 'पूर्व'च्या जागी 'पश्चिम' राहून गेलेलं. १९ उत्तर, ७३ पश्चिम म्हणजे हैतीचा किनारा. मग हँडसेट तिथलं आकाश दाखवू लागतो आणि समोर चमकणारा तारा 'क्षितिजाखाली' असल्याचं सांगतो.

वेळेचं प्रकरण जास्त फसवं. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. स्काय-वॉचरच्या सिनस्कॅन हँडसेटमध्ये +०५:३० सरळ टाकता येतं. पण काही हँडसेटच्या यादीत फक्त पूर्ण तास असतात, पाच किंवा सहा. अर्धा तास इकडे-तिकडे चालवून घेतला, तर आकाश तासाला १५ अंश फिरत असल्यामुळे साडेसात अंशांची चूक पदरात पडते. चंद्राच्या पंधरा रुंद्या म्हणा ना. अशा हँडसेटवर टाइम झोन शून्य, म्हणजे जागतिक वेळ निवडा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करून आकडा टाका. रात्रीचे आठ म्हणजे १४:३०. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत तारीखही आदल्या दिवसाची द्यावी लागते, आणि इथे भले भले चुकतात. उन्हाळी वेळ विचारली तर 'स्टँडर्ड'.

तारीख अमेरिकी पद्धतीने मागतात: आधी महिना, मग दिवस. ५ नोव्हेंबर ही ०५/११ अशी टाकली की यंत्र ११ मे समजतं आणि सहा महिन्यांपलीकडचं आकाश उलगडतं. १३ तारखेपासून पुढे हँडसेट स्वतःच नकार देतो. म्हणून हा गोंधळ नेहमी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच होतो. एक खूण ध्यानात ठेवा. ताऱ्यांवर दुर्बीण अचूक जाते, पण चंद्र-ग्रह भलतीकडेच, असं झालं तर तारीख तपासा. दोन तारे हाताने नेमून दिले की वेळेतली चूक ताऱ्यांपुरती त्यांत जिरून जाते, पण चंद्र आणि ग्रह कुठे आहेत ते यंत्र तारखेवरूनच काढतं. चंद्र तर तासाभरात स्वतःच्या रुंदीइतका सरकतो.

अलाइनमेंटचे पर्याय पाच-सहा असले तरी शहरात 'ऑटो टू-स्टार' आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. पहिला तारा तुम्ही नावाने निवडता, दुसऱ्याकडे यंत्र स्वतः वळतं, आणि तो शेजारच्या टॉवरमागे असेल तर 'अनडू' दाबून पुढचा मागता येतो. 'स्कायअलाइन'मध्ये नावं माहीत नसलेल्या तीन तेजस्वी वस्तू चालतात, हे ऐकायला छान. पण तिन्ही एका रेषेत नकोत, एकमेकांपासून लांब हव्यात, आणि तिसरी 'वस्तू' घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरणाऱ्या विमानाचा दिवा निघू शकते. आपल्या दिशेने येणारं विमान मिनिटभर अगदी स्थिर ताऱ्यासारखं दिसतं. नुसताच गुरू किंवा चंद्र दिसेल अशा धुरकट रात्री 'सोलर सिस्टिम अलाइन' वापरा. त्या वस्तूच्या आसपास काम भागतं, आकाशाच्या दुसऱ्या टोकाला नाही.

तारे निवडताना तीन पथ्यं पाळा. दोघांत साधारण ६० ते १२० अंशांचं अंतर असावं. कुणीही २० अंशांपेक्षा खाली नसावा, तिथे धूळ असते. आणि कुणीही डोक्यावर नसावा. डोक्याजवळच्या ताऱ्यासाठी माउंटला आडव्या दिशेत फार मोठं वळण घ्यावं लागतं, त्यामुळे तो मध्यावर आणताना झालेली बारीक चूक दिगंशात, म्हणजे आडव्या दिशेच्या कोनात, मोठी होऊन बसते. मुंबईत याचा नेमका बळी ठरतो स्वाती. या ताऱ्याची क्रांती (आकाशातलं जणू अक्षांश) आणि मुंबईचं अक्षांश दोन्ही १९ अंशांच्या आसपास, म्हणून तो जवळजवळ बरोबर माथ्यावरून जातो. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाला तो नेमका तिथे असतो. आकाशातला सर्वांत ठसठशीत तारा म्हणून हात त्याच्याकडेच जातो, आणि त्या वेळी तोच टाळायचा. रोहिणीचंही हिवाळ्यात तेच, मघाचं वसंतात.

जोड्या सांगायच्या तर जानेवारीच्या मध्याला रात्री नऊला ईशान्येकडे उंच ब्रह्महृदय आणि आग्नेयेला व्याध. एप्रिलच्या मध्याला त्याच वेळी पश्चिम-वायव्येला पुनर्वसू, आग्नेयेला चित्रा. ऑक्टोबरच्या मध्याला रात्री आठला वायव्येला अभिजित आणि आग्नेयेला मीनास्य, एकमेकांपासून जवळपास काटकोनात. हँडसेटच्या यादीत हे अनुक्रमे कपेला, सिरियस, पोलक्स, स्पायका, व्हेगा आणि फोमलहॉट म्हणून भेटतील. पुनर्वसूपाशी जरा थांबा. तिथे दोन तारे साडेचार अंशांवर शेजारी शेजारी आहेत. जास्त तेजस्वी आणि पिवळसर तो पोलक्स, दुसरा कॅस्टर. एकाच्या नावाने दुसरा पक्का केला तर पुढचं सगळं तेवढ्याने सरकतं. शंका आली की स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपवर पडताळा. फोन मात्र दुर्बिणीच्या वाय-फायला जोडलेला असेल आणि 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' असं विचारलं, तर जोडणी कायम ठेवा म्हणून सांगा. नाहीतर फोन परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ॲप मध्येच मुकं होतं.

तारा मध्यावर आणणं हे खरं कसबाचं काम. वेग ९ ठेवून लाल ठिपक्यापर्यंत या, 'एंटर' दाबा, हँडसेट वेग आपोआप कमी करतो. मग आयपीसमध्ये पाहून मध्यावर आणा आणि 'अलाइन' दाबा. ६एसईचं नाभीय अंतर १५०० मिलिमीटर, म्हणजे २५च्या आयपीसने ६० पट आणि सुमारे ०.८ अंशाचं क्षेत्र. एवढ्या मोकळ्या मैदानात 'मधोमध' डोळ्याने ठरवणं कठीण. १० मिलिमीटरचा आयपीस लावला की १५० पट होऊन क्षेत्र निम्म्याहूनही कमी होतं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची मोठी चकती होते आणि तिच्या कडेपासून क्षेत्राच्या कडेपर्यंतचं अंतर चारी बाजूंनी सारखं आहे का, हे डोळ्याला चटकन कळतं.

शेवटची हालचाल नेहमी 'वर' आणि 'उजवी' याच बटणांनी करा. गिअरच्या दात्यांत थोडी मोकळीक असते, तिला बॅकलॅश म्हणतात. गो-टू जाताना यंत्र ज्या बाजूने शेवटचा टप्पा घेतं, त्याच बाजूने तुम्ही तारा पकडला की ही मोकळीक दोन्ही वेळा सारखी राहते आणि हिशेबातून निघून जाते. तारा पलीकडे गेला तर उलट बटणाने बराच मागे न्या आणि पुन्हा वर-उजवीने आणा. कंटाळवाणं आहे, पण शनी क्षेत्राच्या कडेला येणं आणि मध्यावर येणं यातला फरक बराचसा इथेच ठरतो.

'अलाइन सक्सेस' दिसलं म्हणून लगेच विश्वास टाकू नका. तिसऱ्याच एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावर पाठवून पाहा. मध्याच्या आसपास आला तर झालं. सगळीकडे एकाच दिशेने थोडा चुकत असेल तर मध्यावर आणण्यात कुचराई झाली. साफ भलतीकडे गेला तर तारा चुकीचा ओळखला. आकाशाच्या एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला चूक, तर दोन तारे फार जवळचे होते. तारा आला, पण पाच-दहा मिनिटांत क्षेत्राबाहेर निघून गेला, तर ट्रॅकिंगचा मोड 'अल्ट-अझ' (वर-खाली, डावी-उजवी) आहे का आणि दर 'सायडेरियल' (ताऱ्यांच्या गतीचा) आहे का ते बघा, मग नळीचा क्लच घट्ट आहे का ते. मागे जड कॅमेरा लटकवला की क्लच हळूच घसरतो आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो. याच कारणासाठी अलाइन झालेल्या नळीला हाताने ढकलायचं नाही, आणि गर्दीत कुणी ट्रायपॉडला पाय लावला तर मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

आणखी एक गैरसमज: यादीतून देवयानीच्या शेजारची एम३३ दीर्घिका निवडली, दुर्बीण गेली, आयपीसमध्ये काहीच नाही, म्हणजे अलाइनमेंट चुकली. तसं नाही. ती दीर्घिका मुंबईच्या उजेडात बुडालेलीच असते. नेमकेपणा तपासायला मृगातला एम४२ तेजोमेघ, कृत्तिका, हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ हा निळा-सोनेरी जोडतारा, असं शहरातूनही दिसणारं काही निवडा. ओमेगा सेंटॉरी हा दक्षिणेकडचा तारकागुच्छ मुंबईत जास्तीत जास्त साडेतेवीस अंश वर येतो. दक्षिणेला समुद्र असेल आणि हवा धुतलेली असेल, तरच त्याच्या नादी लागा.

काम संपल्यावर त्याच जागी उद्या पुन्हा पाहायचं असेल तर 'हायबरनेट' वापरा. माउंट हललं नाही तर अलाइनमेंट टिकते. सोसायटीच्या गच्चीवर ही सोय फारशी उपयोगाची नाही, कारण माउंट रात्रभर तिथे ठेवणार कोण?

एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर आणू नका. थंड काचेवर दमट हवा लगेच धुकं धरते. बिनएसीच्या खोलीत ठेवा आणि पाहण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर उघडी ठेवा. हिवाळ्यात उत्तररात्री पुढच्या काचेवर दव बसतं. योगाच्या काळ्या चटईची नळीच्या व्यासाच्या दीडपट लांबीची गुंडाळी पुढे लावली की ते बरंच टळतं. बसलंच तर पुसू नका, हेअर ड्रायरच्या कोमट हवेने उडवा. जून ते सप्टेंबर दुर्बीण बंदच राहणार, आणि मुंबईत काचेला खरा धोका तेव्हाच असतो, तो बुरशीचा. हवाबंद पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्यांचा रंग बदलला की गरम करून पुन्हा आत. हँडसेट आणि माउंटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर गळून टर्मिनलं खातात. सीलबंद बॅटरी मात्र महिन्यातून एकदा चार्ज करायची, पाऊस असो वा नसो.